आधी पेव, मग फोन: सांगलीत ज्येष्ठांना मोबाईल शिकवायची एक रीत

आमचा पहिला वर्ग तिसऱ्या दिवशीच कोलमडला. गावभागातल्या एका मंडळाच्या खोलीत बारा जण जमवले होते. फळ्यावर 'सेटिंग्ज, वायफाय, ब्लूटूथ, अपडेट' असं लिहिलं आणि एकेक शब्द समजावत गेलो. दुसऱ्या दिवशी सात आले, तिसऱ्या दिवशी तीन. त्या तिघांतले एक तात्या, हळदीच्या बाजारात उभी हयात तोलाईदार म्हणून काढलेले. माझं बोलणं ऐकून कंटाळले आणि शेजारच्याला सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांबद्दल सांगायला लागले. जमिनीत खोदलेलं, तोंडाला अरुंद आणि पोटात ऐसपैस असं ते कोठार. हळद आत भरून वर्षानुवर्षं ठेवायची. काढायच्या वेळी तोंड उघडून हवा खेळू द्यायची, एकदम उतरलं तर माणूस आतच गुदमरायचा. मी सहज त्यांच्याच फोनवर रेकॉर्डर चालू केला आणि चार मिनिटांनी त्यांचा आवाज त्यांना ऐकवला. तात्या फोनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे घरी गेल्यावर परत कसं लावायचं?"

तीन दिवसांत वर्गात आलेला हा पहिला प्रश्न होता. फळा पुसला.

पुढे जे लिहितोय ते त्या प्रश्नापासून उलटं रचत गेलेल्या वर्गाचं आहे. रीत साधी आहे: प्रत्येक तासाला विषय असा घ्यायचा की त्यातलं शिकणाऱ्याला माहीत आहे आणि शिकवणाऱ्याला नाही. त्या विषयाचं काम करताना फोनचं जे लागेल तेवढंच, लागेल तेव्हाच शिकवायचं. उदाहरणं सांगलीची आहेत, कारण मी इथला. साताऱ्यात करणार असाल तर पेवाऐवजी माहुलीचा घाट घ्या, वाईत मेणवलीचा वाडा घ्या.

माणसं, जागा, वेळ

एका वर्गात आठांपेक्षा जास्त नकोत. आठांमागे तीन जण शिकवायला लागतात: एक बोलणारा, दोघं खुर्च्यांमागे फिरणारे. कॉलेजची मुलं मिळाली तर उत्तम, पण नातवाला स्वतःच्या आजोबांशेजारी बसवू नका. तो हातातून फोन घेतो, चार ठिकाणी टकटक करतो आणि 'झालं बघा' म्हणून परत देतो. दुसऱ्याच्या आजोबांपुढे तोच पोरगा अदबीनं वागतो. आमच्याकडे नातवंडांची सरळ अदलाबदल करतात. आणि शिकवणाऱ्यानं हात पाठीमागे बांधायचे. फोनला बोट लागेल ते मालकाचंच.

वेळ चार ते साडेपाच. दुपारची झोप झालेली असते आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचता येतं. तळमजला, हाताच्या खुर्च्या, जवळ स्वच्छतागृह, दोन-तीन चार्जर. खिडकीकडे पाठ करून बसवा, नाहीतर उजेड डोळ्यांवर येतो.

बायकांची नावं वेगळी नोंदवा. जोडप्यानं नाव दिलं की फोन काकांच्या हातात आणि काकू शेजारी बसून बघणार, हे ठरलेलं. बऱ्याच घरांत 'फोन घरातला' असतो, बाईचा नसतो. आम्ही मंगळवारी फक्त बायकांचा वर्ग घ्यायला लागलो तेव्हा सातपैकी चौघी दुसऱ्याचा फोन मागून घेऊन आल्या होत्या. मागून आणलेल्या फोनवरही शिकता येतं, पण मग घरी सरावाला तो रोज अर्धा तास मिळेल का, हे आधीच घरच्यांशी बोलून ठरवा.

पहिला तास: फोन हाताजोगा करणं

हा एकच तास निव्वळ फोनचा, आणि तोही बोलण्याचा नव्हे, करण्याचा. अक्षरं मोठी करा. स्क्रीन तीस सेकंदांत विझत असेल तर दोन मिनिटांवर न्या. 'मी बघतोय तोवर काळं होतंय' ही निम्म्या जणांची तक्रार तिथेच संपते. फोनची भाषा मराठी करायची की नाही ते ज्याचं त्याला विचारा. मुलानं सांगितलेले इंग्रजी शब्द ज्यांच्या कानात बसलेत, त्यांना मराठी मेन्यू परका वाटतो.

आयुष्यभर शेतात, कारखान्यात काम केलेल्या बोटांना टच लागत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कातडी कोरडी आणि जाड झाली की स्क्रीनला स्पर्श नीट समजत नाही. माणूस मग जोर लावून दाबतो, फोन ते 'दाबून धरलं' असं समजतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. शेजारी ओला रुमाल ठेवा, बोट जरा पुसून टेकवायला सांगा. नखाकडचं टोक नको, बोटाचा मऊ भाग. सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टच करून धरण्याचा' वेळ वाढवता येतो, तो वाढवा.

जागा भरलेली असेल तर आधी ती मोकळी करा. बहुतेक फोन सुप्रभातच्या फुलांनी आणि देवांच्या फोटोंनी तुडुंब असतात. देव पुसताना हात अडखळतो. त्यामुळे व्हॉट्सॲपवरून आलेलं आपोआप गॅलरीत साठणं आधी बंद करा आणि जुनं त्यांच्या सवडीनं पुसू द्या. शिवाय गूगल खातं कुणाच्या नावाचं आहे ते बघा. पुण्यातल्या मुलाचं निघालं आणि बॅकअप चालू असेल तर काढलेला प्रत्येक फोटो तिकडे जातोय, हे आई-वडिलांना माहीत असलं पाहिजे.

दुसरा आणि तिसरा तास: आवाज

टायपिंगनं कधीही सुरुवात करू नका. मराठी कीबोर्डावर जोडाक्षर शोधताना भल्याभल्यांचा धीर सुटतो. आवाज आधीच तयार असतो.

व्हॉट्सॲपवर वर्गाचा गट करा. माइकची खूण दाबून धरायची आणि बोट वर सरकवायचं. कुलूप लागतं, मग बोट धरून ठेवावं लागत नाही. एवढी एक हालचाल पंधरा मिनिटं सगळ्यांकडून करून घ्या. मग विषय द्या.

विषय देण्यात खरी मेख आहे. 'तुमच्या आठवणी सांगा' म्हटलं की दोनच गोष्टी होतात: 'आमचं काय, साधं आयुष्य' म्हणून गप्प बसणं, नाहीतर भाषण. वस्तू विचारा, कृती विचारा. पेवात उतरायच्या आधी काय करायचं? हळद शिजली हे कशावरून ओळखायचं? नाटकाच्या तालमीला चहा कुणाच्या घरून यायचा? एका आक्कांना 'लहानपणाबद्दल सांगा' म्हटलं तर म्हणाल्या, "काय सांगू बाई, काय न्हाई." जात्यावर कुठल्या ओव्या म्हणायच्या, विचारल्यावर अकरा ओव्या सलग झाल्या आणि मध्येच कुणाच्या तरी फोनची बॅटरी संपली.

एक रेकॉर्डिंग तीन मिनिटांचं. त्याहून लांब असेल तर परत कुणी ऐकत नाही, बोलणाराही नाही. रेकॉर्ड झालं की लगेच ऐकवा आणि बोलणाऱ्यालाच ठरवू द्या, ठेवायचं की पुसायचं. पुसणं हेही कौशल्य आहे. 'माझ्याकडून काही बिघडलं तर' ही भीती पहिल्यांदा काहीतरी पुसल्यावर निम्मी होते.

जमलं तर तिसऱ्या तासाला मिरजेला जा. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीत भोपळ्यापासून तारेपर्यंतचं काम डोळ्यांपुढे होताना दिसतं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजता सूर, काढताना कारागीर घोडीवर (तारांखालच्या पट्टीवर) किंचित घासतो, तार छेडतो, पुन्हा घासतो. कान म्हणेल तेव्हा थांबतो. हे रेकॉर्ड करायला लावा: एकदा फोन तारेशी टेकवून, एकदा हातभर लांबून, एकदा लाकडी टेबलावर ठेवून आणि एकदा टेबलावर चारपदरी रुमाल घालून. माइक किती अंतरावर हवा, टेबलाची थरथर आवाजात कशी उतरते, हे चार रेकॉर्डिंगमध्ये कळतं. आमच्यातले एक आण्णा भजनी मंडळात पेटी वाजवतात. त्यांनी ऐकून निकाल दिला, "टेबलावरचं बद्द येतंय." ध्वनिमुद्रणाचा धडा माझ्याऐवजी त्यांनीच दिला. कारागीर एखादी गोष्ट दाखवायला तयार नसेल तर कॅमेरा खाली. पिढ्यान्‌पिढ्यांचं पोट त्यावर चालतं.

चौथा तास: जुना फोटो

सांगली ही नाटकवाल्यांची. विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथे केलं ५ नोव्हेंबर १८४३ ला, म्हणून आपण तो दिवस रंगभूमी दिन म्हणून पाळतो. इथल्या कितीतरी घरांत हौशी नाटकाचा एखादा पिवळा पडलेला फोटो सापडतो: दाढी लावलेले काका, नऊवारीतला कुणीतरी मामा. तो घेऊन यायला सांगा.

फोटो काचेतून काढू नका, चकाकी येते. मागचे खिळे सैल करून फ्रेम उघडता आली तर उघडा. मात्र काचेला फोटो चिकटलेला असेल तर ओढू नका, फाटतो. खिडकीजवळ, ऊन नसलेल्या उजेडात, पांढऱ्या कापडावर ठेवा. फ्लॅश बंद. फोन वरून समांतर धरायचा. हात थरथरत असेल तर दोन्ही बाजूंना पुस्तकांची चवड लावून फोन त्यावर टेकवा आणि दोन-तीन सेकंदांच्या टायमरवर काढा. मग फोटो उलटा करून मागची बाजूही काढा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेली नावं, सगळं मागेच असतं आणि सगळे ते विसरतात.

कडा कापणं शिकवा, रंगांचे फिल्टर नका शिकवू. पाठवताना फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो आवळतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. हा फरक दाखवायला चेहरा मोठा करून दोन्ही शेजारी ठेवा.

हाच तास नोव्हेंबरच्या आसपास आला तर पेन्शनवाल्यांना एक जोडधडा द्या. हयातीचा दाखला आता फोनवर चेहरा दाखवून देता येतो आणि तिथे अडतं ते बहुतेक उजेडापाशीच. ज्यानं मामांचा फोटो नीट काढलाय, त्याला स्वतःच्या तोंडावर उजेड कुठून घ्यायचा ते सांगावं लागत नाही.

पाचवा आणि सहावा तास: नकाशा आणि पूर

सगळ्यात जास्त वेळ मी इथे देतो, आणि तुम्हीही द्या.

सांगलीकराच्या डोक्यात एक पट्टी कायमची आहे: कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची, पाण्याची उंची दाखवणारी. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५ ला पाणी कुठवर आलं, २०१९ ला कुठवर, २०२१ ला कुठवर, हे गावभागातला माणूस भिंतीवर बोट ठेवून सांगतो. २०१९ ला पुलापाशी पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली होती. ही माहिती घराघरांत आहे, फक्त ती एका ठिकाणी नाही.

पहिल्या दिवशी मॅप उघडून आधी स्वतःचं घर शोधायला लावा. ते सापडलं की माणूस पुढचं ऐकतो. दोन बोटांनी मोठं-लहान करणं, बोट दाबून धरून खूण टाकणं, ती खूण गटावर पाठवणं. मग वर्ग बाहेर. दोघा-दोघांच्या जोड्या करून आपापल्या गल्लीतली पुराची खूण शोधायची, शेजारी काठी किंवा छत्री उभी धरून फोटो काढायचा म्हणजे उंचीचा अंदाज येतो, तिथली खूण मॅपवर टाकायची आणि वीस सेकंद आवाजात सांगायचं: कुठल्या सालची, हे मी स्वतः पाहिलं की कुणी सांगितलं. कुणाचं राहतं घर असेल तर ते सार्वजनिक नकाशावर टाकू नका, गटापुरतं ठेवा.

मॅपवर जुनी नावं सापडत नाहीत. लोकांच्या तोंडी असलेला एखादा पार, विहीर, बंद पडलेलं थिएटर, काहीच नाही. 'एवढ्या मोठ्या गूगलला माहीत न्हाई व्हय?' असं कुणीतरी म्हणतंच. तिथे थांबून गटानं आपली यादी करावी.

सहाव्या तासाला पुरातूनच अफवेवर यायचं. पावसाळ्यात 'कोयनेतून इतकं पाणी सोडलं, रात्रीतून घरं रिकामी करा' असे मेसेज फिरतात आणि त्यातले कित्येक मागच्या सालचे असतात. गटातल्याच एखाद्या मेसेजवर काम करा. वर दोन बाणांची खूण आहे का? असेल तर तो फार हातांतून आलाय. तारीख आहे का? कोण सांगतंय, त्याचं नाव-हुद्दा आहे का? जिल्हा प्रशासनाकडून तेच आलंय का? वय झालेल्या माणसाला पाणी कळतं. आमच्या गटातल्या एका आबांनी एक मेसेज न उघडताच खोटा ठरवला: "पाणी सोडल्यापासून इथं यायला वेळ लागतो. हा म्हणतोय तासाभरात. कसं येईल?" बाण, तारीख वगैरे आम्ही नंतर बघितलं.

पाहिलेलं आणि ऐकलेलं

शोध घेणं शिकवायला आवाजी शोध पुरे. पण काय शोधायचं? जे त्यांना आधीच ठाऊक आहे ते.

कुंडल, वाळवा भागातल्या घरांत प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध नाना पाटलांनी चालवलेल्या समांतर सरकारच्या, गोष्टी असतात. आज ऐंशीचा माणूसही तेव्हा जन्मलेला नव्हता, नाहीतर तान्हा होता, त्यामुळे त्याच्याकडे आहे ते वडिलांकडून ऐकलेलं. शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली ती ७ जून १९४३ ला. घरातल्या गोष्टीत कधी साल बदलतं, कधी माणसं वाढतात. आधी त्यांची गोष्ट रेकॉर्ड करा, मग शोधा, मग दोन्ही शेजारी ठेवा. गोष्ट चुकीची ठरवायला नव्हे. रेकॉर्डिंगच्या नावात 'ऐकलेलं' हा शब्द घालायला.

हल्ली शोधाच्या वर यंत्रानं लिहिलेलं उत्तर येतं आणि ते फार ठामपणे बोलतं. त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा हे मी समजावत नाही. पेवाबद्दल विचारायला सांगतो. तोलाईदार तात्यांनी ते उत्तर वाचून घेतलं, मान हलवली आणि चुका बोटांवर मोजल्या. ज्यातलं आपल्याला कळतं त्यात ते इतकं चुकतं, तर गुडघेदुखीच्या औषधाबद्दल विचारलं तर काय, हा पुढचा प्रश्न वर्गातूनच आला.

सातवा तास: पैसे

लोकांना हा तास पहिला हवा असतो. मी तो सातवा ठेवतो, कारण बोट स्थिर झालेलं असतं आणि अनोळखी मेसेजकडे बघायची नजर तयार झालेली असते.

जुन्या अडत बाजारांत भाव रुमालाखाली ठरायचा. दोघांची बोटं रुमालाच्या आत, बाहेर उभ्या असलेल्या शंभर जणांना काही कळत नाही. यूपीआयचा पिन म्हणजे ते रुमालाखालचं बोट. बँकेच्या साहेबाला, पोलिसाला, मुलीच्या मित्राला, कुणालाच सांगायचा नाही. आणि पैसे *येताना* पिन लागत नाही; पिन मागितला म्हणजे तुमचे जाताहेत. हे वाक्य प्रत्येकाकडून स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून घ्या.

सरावाला भडंगाच्या दुकानात न्या. आधी शेजाऱ्याला एक रुपया, मग दुकानदाराला वीस. कोड स्कॅन झाल्यावर वर येणारं नाव मोठ्यानं वाचायचं, दुकानदारानं मान डोलावली की मगच पिन. खात्यात फार रक्कम असेल तर यूपीआयसाठी थोडे पैसे ठेवलेलं वेगळं खातं जोडलेलं बरं, असं माझं मत.

लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडायची नाही, ओळखीच्या नंबरावरून आली तरी नाही. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस 'डिजिटल अरेस्ट' म्हणाला तर फोन ठेवायचा. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन. हा नंबर फोनमध्ये 'अ' लावून साठवा म्हणजे मराठी नावांत वर येतो. आणि गेले तर घरच्यांना सांगायचं. लाजेपोटी दोन दिवस गप्प बसलेल्या माणसाचे पैसे परत मिळवणं अवघड होऊन बसतं.

जमलेलं ठेवायचं कुठे

व्हॉट्सॲपचा गट म्हणजे ओसरी. तिथे ठेवलेलं राहत नाही. आठव्या तासाला सगळं एका ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये न्या. नाव देण्याची एकच पद्धत ठरवा: विषय, गाव, सांगणारा, साल. 'पेव, हरिपूर, तात्या, २०२५.' नाव टाइप करायचं नाही, बोलून लिहायचं. आता तेवढं जमतं. एक प्रत फोल्डरात, एक पेनड्राइव्हवर मंडळाच्या कपाटात, एक ज्याची त्याच्याकडे. कपाट वरच्या मजल्यावरचं घ्या, २०१९ नंतर हे सांगलीत वेगळं सांगायला नको.

जगापुढे ठेवायचं असेल तर स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या खुल्या फोटोंच्या भांडारात) टाकता येतात. स्टुडिओतले जुने फोटो नका टाकू, हक्क कुणाचा ते ठरवणं किचकट असतं. आवाजाच्या बाबतीत प्रत्येकाला तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: गटात चालेल का, गावाला ऐकवलं तर चालेल का, इंटरनेटवर चालेल का? आमच्या एका आक्कांनी ओव्यांना तिन्ही होकार दिले, पण सासरच्या वाटणीची जी गोष्ट मध्येच सांगून टाकली होती ती पुसायला लावली. कापायची कशी ते त्यांनी स्वतःच शिकून घेतलं, आमच्यापैकी कुणाला ऐकवायची नव्हती म्हणून.

आठ तास संपल्यावर गट बंद करू नका, ॲडमिन बदला. शनिवारी पाच वाजता एकानं एक नवं रेकॉर्डिंग टाकायचं. बाकीच्यांनी ऐकून एक तरी प्रश्न आवाजातच विचारायचा. सुप्रभात टाकायला बंदी आहे. ती आम्ही घातलेली नाही, तोलाईदार तात्यांनी घातली. ॲडमिन तेच आहेत, आणि दोनदा टाकणाऱ्याला ते काढून टाकतात. मला एकदा काढलंय.